कोंबडीच्या वैऱ्याची बरहुकूम नक्कल

आपल्या साहित्यात पक्ष्यांच्या प्रतिष्ठेची वाटणी फार पूर्वीच होऊन गेली असून, तीत मोराला नृत्य, हंसाला नीरक्षीरविवेक, चातकाला तहान आणि कावळ्याला पितरांचे मुखत्यारपत्र मिळाल्यामुळे कोंबडीच्या वाट्याला रश्श्याखेरीज फारसे काही शिल्लक राहिले नाही. कोंबड्याची गोष्ट निराळी; त्याला कार्तिकेयाने आपल्या ध्वजावर स्थान दिले, आणि सहसा कोणावरही विश्वास न टाकणाऱ्या चाणक्यानेही त्याच्यापासून चार गुण शिकण्याची शिफारस केली. परंतु जी अंडे घालते, ते उबवते आणि अखेरीस स्वतःही पातेल्यात उतरते, तिच्याविषयी शास्त्रीपंडितांनी जे मौन धारण केले ते आजतागायत सुटलेले नाही. अशा स्थितीत या उपेक्षित जीवाच्या एका वैऱ्याला, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या, स्वतःचे घरदार नसलेल्या आणि परक्या पेशीत शिरल्यावाचून ज्याचा वंश एक पाऊल पुढे सरकत नाही अशा एका यःकश्चित विषाणूला, जर्मनी, इंग्लंड आणि अमेरिका येथील विद्वानांनी चरित्रकार पुरवले, पदव्या बहाल केल्या, आणि अखेर त्याच्या समग्र दप्तराची एक नक्कल कायमची जतन करून ठेवण्याची तजवीजही केली, हे वाचून कोंबडीशी केवळ भोजनप्रसंगी संबंध येणाऱ्या माझ्यासारख्या गृहस्थालाही तिच्याविषयी प्रथमच कणव वाटली.

या विषाणूला मारेकच्या रोगाचा विषाणू म्हणतात. योझेफ मारेक हे बुडापेस्टच्या पशुवैद्यक विद्यालयातील प्राध्यापक. त्यांनी १९०७ साली पाय लुळे पडलेल्या चार कोंबड्यांची हकीकत एका जर्मन नियतकालिकात प्रसिद्ध केली. आणि ते चारही नर होते, म्हणजे येथेही अग्रपूजेचा मान कोंबडीला मिळाला नाही, हे चाणाक्ष वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. मज्जातंतूंना सूज येऊन पक्षी एक पाय पुढे आणि एक मागे पसरून जमिनीला खिळून राहतो, एवढेच त्या वेळी दिसले होते. पुढे कुक्कुटपालन परसदारातून उठून कारखान्याच्या छपराखाली गेले, हजारो पक्षी एका छताखाली नांदू लागले, आणि या रोगाने आपले खरे स्वरूप प्रकट केले: यकृत, प्लीहा, अंडाशय, मिळेल त्या इंद्रियात कर्करोगाच्या गाठी. अपराधी मात्र सापडत नव्हता. तो १९६७ साली इंग्लंडातील हॉटन येथील कुक्कुट संशोधन केंद्रात हाती लागला, म्हणजे फिर्याद दाखल झाल्यापासून आरोपीची ओळख पटेपर्यंत साठ वर्षे लोटली. आमच्याकडील दिवाणी दाव्यांचा अनुभव असलेल्यांना हा काळ फार वाटणार नाही. चौकशीअंती आरोपीचे घराणे हर्पीसचे, म्हणजे माणसाला कांजिण्या आणि नागीण देणाऱ्या विषाणूच्या भाऊबंदांपैकी निघाले. माणसाला मात्र याची बाधा होत नाही, एवढी सभ्यता त्याने पाळली आहे.

या विषाणूचा स्वभाव कमालीचा संकोची. शरीरातील कोणत्याही ठिकाणी तो पेशीबाहेर मोकळा म्हणून येत नाही; एका पेशीतून शेजारच्या पेशीत परस्पर सरकतो, त्यामुळे रक्तातील प्रतिकारक द्रव्यांची आणि त्याची गाठ क्वचितच पडते. अपवाद फक्त पिसांच्या मुळाशी असलेल्या त्वचेचा. तेथे मात्र तो पूर्ण वाढीचा, स्वतंत्र आणि सांसर्गिक होऊन कोंड्याबरोबर झडतो, आणि खुराड्यातील धुळीत महिनोन्महिने तग धरून राहतो. नव्या पिलाने पहिला श्वास घेतला की त्याच्या लिंफ पेशींत मुक्काम. तो एकदा शिरला की जन्मभर बाहेर पडत नाही. कूळकायद्याच्या फार पूर्वीपासून त्याने ही वहिवाट सिद्ध केलेली आहे.

कर्करोगापासून रक्षण करणारी पहिली परिणामकारक लस मनुष्यजातीने तयार केली, ती मनुष्यासाठी नव्हे, कोंबडीसाठी, हे सांगितले तर पुष्कळांना खरे वाटत नाही. पण १९६९-७० च्या सुमारास ते घडले खरे. त्यामागे भूतदया होती असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. कोंबडी मरावी, पण ती आपल्या सोयीने व आपल्या सुरीने, एवढाच त्यातील आग्रह होता. त्यातली सर्वांत लोकप्रिय लस टर्की या पक्ष्याच्या निरुपद्रवी हर्पीसविषाणूपासून घेतलेली. आपल्याकडील हॅचरीतही अंड्यातून बाहेर पडलेल्या एक दिवसाच्या पिलाला, जगाशी तोंडओळख होण्यापूर्वीच, मानेच्या कातडीखाली मारेकची लस टोचली जाते. परदेशांत तर कित्येक ठिकाणी अठराव्या दिवशी अंड्यातच टोचतात, म्हणजे गर्भसंस्काराची कल्पना तेथे निदान कुक्कुटकुळात तरी रुजली म्हणावयाची. या लशीतील विषाणूही बहुधा जिवंत पेशींच्या आतच राहू इच्छितात, म्हणून ती द्रवरूप नायट्रोजनात उणे १९६ अंशांवर ठेवावी लागते. ज्या पिलाचे सारे आयुष्य भट्टीसारख्या शेडमध्ये सहा आठवड्यांत आटोपायचे, त्याच्या लशीचा हा थाट.

मात्र या लशीत एक मेख आहे. ती गाठी होऊ देत नाही, पण विषाणूचा प्रवेश आणि प्रसार रोखत नाही. पूर्वी जो विषाणू फार उग्र असे, तो आपला प्रसार होण्याआधीच यजमानाला ठार करून स्वतःही संपत असे. आता लसवंत पक्षी जगतो, फिरतो, आणि उग्रात उग्र विषाणूचा कोंडा उदार हाताने वाटत राहतो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी हे स्पष्ट दाखवून दिले. मधल्या काळात विषाणूची सेवाज्येष्ठता वाढत गेली, आणि अमेरिकेतील तज्ज्ञांनी १९९७ साली त्याच्या श्रेणी ठरवून टाकल्या. पहिली सौम्य, दुसरी उग्र, तिसरी अत्युग्र. आणि चौथ्या श्रेणीपाशी आल्यावर विद्वानांची शब्दसंपत्ती संपल्यामुळे त्यांनी ‘अत्युग्र’ याच शब्दापुढे अधिकाचे चिन्ह काढून वेळ निभावून नेली. ज्या भाषेत विशेषणांची टंचाई असते तेथे गणिताचा आश्रय घ्यावा लागतो. आमच्या एखाद्या शास्त्रीबुवांना विचारले असते तर त्यांनी महोग्र, परमोग्र, उग्रराज आणि उग्रशिरोमणी अशी निदान पुढील दोन शतकांची सोय करून दिली असती.

एवढ्या उपद्व्यापी प्राण्याचा अंतर्भाग तपासावयाचा, म्हणजे त्याच्या जवळजवळ १,८०,००० अक्षरांच्या जनुकसंचातील कोणते जनुक काय काम करते हे पाहावयाचे, तर एकेक जनुक काढून टाकून काय बिघडते ते पाहणे हाच राजमार्ग. परंतु विषाणू पेशीबाहेर येत नाही. पेशी म्हणाव्यात तर त्याला कोंबडीच्या किंवा बदकाच्या गर्भातून ताज्या काढलेल्याच हव्या असतात. त्यात एखाद्या विषाणूत हवा तो फेरफार झाला तरी फेरफार न झालेले हजारो सगेसोयरे त्याच्याच पंगतीत जेवत असतात, आणि त्याला एकट्याला उठवून बाजूला घेणे महिन्यांचे काम होऊन बसते. तेव्हा असे ठरले की, मूळ मालकाच्या नादी लागूच नये. त्याच्या दस्तऐवजाची नक्कल अशा ठिकाणी ठेवावी की जेथे तो दस्तऐवज कोणाला वाचताही येणार नाही, अमलात आणणे तर दूरच, पण त्यातील अक्षर न् अक्षर मात्र जसेच्या तसे उतरत राहील.

हे ऐकून ज्याला मामलेदार कचेरीतील जुन्या नकलनविसाची आठवण होणार नाही, त्याने कचेरीची पायरी कधी चढलीच नसावी. समोरचा कागद खुन्याच्या जबानीचा आहे की देवस्थानाच्या सनदेचा, याविषयी पूर्ण उदासीन राहून खाली ‘अस्सल बरहुकूम नक्कल’ असा शेरा मारणारा तो गृहस्थ निसर्गातही आहे. त्याचे नाव एशेरिखिया कोलाय. थिओडोर एशेरिख नावाच्या डॉक्टरांनी १८८५ साली तान्ह्या मुलांच्या मळात त्याचा शोध लावला. प्रयोगशाळेत कामाला असलेल्या त्याच्या प्रमुख शाखेचे मूळ कॅलिफोर्नियातील, १९२२ साली घटसर्पातून उठलेल्या एका रोग्याच्या आतड्यात आहे. त्या रोग्याचे नाव आज कोणी घेत नाही, पण त्याच्या आतड्यातील या पाहुण्याची प्रजा जगातील यच्चयावत प्रयोगशाळांत नोकरीस आहे. वंश चालावा म्हणून आम्ही नवससायास करतो. ज्यांचा वंश खरोखर चालतो ते अशा अनपेक्षित वाटेने.

अडचण एवढीच होती की या कारकुनाला मोठा कागद सोसत नसे. साधारण प्लाझ्मिडावर, म्हणजे जीवाणूच्या पोटातील जनुकद्रव्याच्या सुट्या कड्यावर, काही हजार अक्षरे लिहून द्यावीत, तर तो त्याच्या शेकडो प्रती काढी. पण लाख-दीड लाख अक्षरांचा दस्तऐवज दिला की मधली पाने गाळी, मागचे पुढे करी. तोड निघाली ती त्याच्याच घरातून. काही जीवाणूंपाशी एफ नावाचा एक घटक असतो, ज्याच्या बळावर ते दुसऱ्या जीवाणूशी संग करून आपले जनुकद्रव्य त्याच्याकडे पाठवतात. थोडक्यात, जीवाणूंमधील पुरुषत्व ते हेच. या घटकाला वंशविस्ताराची हौस असली तरी घरात तो अत्यंत मितव्ययी: एका पेशीत स्वतःची एक, फार तर दोन प्रत ठेवतो, आणि पेशी दुभंगताना प्रत्येक वारसाला आपापला हिस्सा मिळाला की नाही याची जातीने खातरजमा करतो. कॅलिफोर्नियातील हिरोआकी शिझुया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली या घटकातील विवाहविषयक सारा भाग कापून टाकला, हिशेब राखणारा भाग तेवढा ठेवला, आणि त्याच्या जोरावर तीन लाख अक्षरांपर्यंतचा मानवी मजकूर जीवाणूच्या दप्तरी निर्धोक राहतो असे सिद्ध केले. यालाच जीवाणूतील कृत्रिम गुणसूत्र म्हणतात. प्रपंचाची हौस निवृत्त झाल्यावर मनुष्य हिशेबात किती चोख होतो, याचे इतके रोखठोक प्रमाण वेदान्तातही सापडणे कठीण.

हर्पीस घराण्यातील पहिली नक्कल १९९७ साली उंदराच्या एका विषाणूची झाली. कोंबडीच्या वैऱ्याचा क्रमांक २००० साली लागला, आणि तो जर्मनीतील रीम्स बेटावर. या बेटाची हकीकत सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. फ्रीडरिख लोफ्लर या शास्त्रज्ञाने १८९८ साली आपल्या सहकाऱ्यासह असे दाखवले की गुरांचा लाळ्या-खुरकूत रोग ज्यापासून होतो ती वस्तू जीवाणूंना अडवणाऱ्या गाळणीतूनही पार जाते. प्राण्यांचा पहिला विषाणू तो हाच. परंतु लोफ्लर यांचे संशोधन जसजसे प्रगत होऊ लागले तसतसा ग्राइफ्सवाल्ड शहराच्या आसपासच्या गोठ्यांतील रोगही प्रगत होऊ लागल्यामुळे, शेतकऱ्यांच्या तक्रारींनी त्रस्त झालेल्या सरकारने त्यांची व त्यांच्या विषाणूंची रवानगी १९१० साली बाल्टिक समुद्रातील या लहानशा बेटावर केली. प्राध्यापकाला शेजाऱ्यांच्या आग्रहास्तव काळ्या पाण्यावर पाठवण्याची कल्पना मला मनापासून आवडली. आमच्या वाड्यात सतारीचा अभ्यास करणारे एक सद्गृहस्थ होते, त्यांच्या बाबतीत अशी सोय उपलब्ध नव्हती.

त्या बेटावर निकोलाउस ऑस्टररीडर आणि मंडळींनी जे केले ते असे. काचपात्रात वारंवार वाढवून ज्याचा दात आधीच पाडलेला होता असा एक विषाणू त्यांनी घेतला आणि त्याच्या जनुकसंचात एफ घटकाचा तो मितव्ययी तुकडा घुसवला. तुकड्याला जागा करून देण्यासाठी कोणाला तरी उठवणे भाग होते, आणि ती पाळी यूएस-२ नावाच्या जनुकावर आली, कारण काचपात्रात ते असले काय आणि नसले काय, विषाणूचे काहीच अडत नव्हते. तुकड्याबरोबर दोन परवानेही होते: एक कोंबडीच्या पेशीत मायकोफिनॉलिक आम्लापुढे दाखवायचा, दुसरा जीवाणूत क्लोरॅम्फेनिकॉलपुढे, ज्याच्यापाशी परवाना नाही तो जागीच संपला, त्यामुळे पंगतीतील सगेसोयऱ्यांचा प्रश्न आपोआप मिटला. हर्पीसविषाणू पेशीत आपली संख्या वाढवताना आपल्या लांबट जनुकसूत्राची टोके जोडून त्याचे कडे करतो. नेमकी तीच कडी वेचून, विजेचा एक झटका देऊन ती कोलायच्या पोटात सोडण्यात आली. निवडलेला कोलायही असा की ज्याच्याकडून जनुकांची स्वतःच्या अकलेने जोडतोड करण्याची शक्ती पूर्वीच काढून घेतलेली. नकलनविसाला अक्कल असू नये हे तत्त्व आमच्या कचेऱ्यांप्रमाणे तेथेही मान्य आहे. सकाळी पाहावे तो पात्रात कोलायच्या वसाहती उगवलेल्या, आणि प्रत्येकाच्या पोटात कोंबडीच्या मृत्यूचे समग्र शास्त्र, ज्यातील अवाक्षरही त्याला कळत नव्हते.

मग उलटी परीक्षा. जीवाणूतून ते कडे शुद्ध करून कोंबडीच्या गर्भपेशींत सोडले, आणि काही दिवसांत तेथे विषाणूने पेशी खाऊन केलेले डाग दिसू लागले. म्हणजे नुसत्या कागदावरून मूळ पुरुष उठून उभा राहिला. लगेच पुढची पायरी म्हणून त्यांनी नकलेतून जीबी नावाच्या प्रथिनाचे जनुक वगळून पाहिले. असा विषाणू एकाच पेशीत अडकून पडला, शेजारच्या पेशीत त्याला पाऊल टाकता येईना. तेच प्रथिन लाव्याच्या स्नायुपेशींकरवी बाहेरून पुरवले तेव्हा त्याचे पुन्हा चालू लागले. कोंबडीच्या रोगाचा उलगडा करण्यासाठी टर्कीने विषाणू द्यावा, बदकाने गर्भ द्यावा, लाव्याने स्नायू द्यावा, असा हा पक्षिकुळाचा सहकार पाहिला म्हणजे आपल्या सोसायट्यांच्या वार्षिक सभा डोळ्यांपुढे येऊन मन खिन्न होते.

पुढे या दप्तरात दुरुस्त्या करण्याची कलाही विकसित झाली. जीवाणूवर पडणाऱ्या लॅम्डा नावाच्या भक्षकाची अवजारे उसनी घेऊन कोलायला तात्पुरती अक्कल द्यायची, हवा तेथे एक खुणेचा तुकडा घालून घ्यायचा, आणि काम होताच यीस्टमधल्या एका विकराच्या कात्रीने तो तुकडा असा उडवायचा की खाडाखोडीची निशाणी म्हणून मागे राहू नये. २००६ साली ही युक्ती प्रसिद्ध झाली. आमच्याकडे सात-बाराच्या उताऱ्यावर ही विद्या त्याआधी कित्येक पिढ्या अवगत होती. केवळ प्रसिद्धीची हौस नसल्यामुळे आमचे तलाठी मागे राहिले. याच सुमारास एक चोरीही उघडकीस आली. पेशीला दीर्घायुष्य देणाऱ्या टेलोमरेज या विकराचा एक आरएनए घटक विषाणूपाशी सापडला, तो कोंबडीच्या स्वतःच्या घटकाशी ८८ टक्के जुळता. म्हणजे कधीकाळी कोंबडीच्याच घरातून उचललेला. नकलेतून हा मुद्देमाल काढून घेतल्यावर विषाणू जगला, वाढलाही, परंतु गाठी करण्याचा त्याचा उत्साह बराच मावळला. जिच्या घरातील वस्तू चोरून तिच्याच जिवावर उठायचे, हा प्रकार भाऊबंदकीत परिचयाचा असला तरी विषाणूकडून अपेक्षित नव्हता.

या साऱ्या हकीकतीत मला सर्वांत रुचलेला भाग मात्र इंग्लंडातील कॉम्प्टन येथे तयार झालेल्या नकलेचा. ही नक्कल दात शाबूत असलेल्या, आरबी-१बी नावाच्या खऱ्या उग्र विषाणूची. तिच्यापासून उभा केलेला विषाणू कोंबड्यांना टोचला, तेव्हा त्याने रीतसर गाठी केल्या, रीतसर मारले. फक्त शेजारी ठेवलेल्या निरोगी कोंबडीला तो काही केल्या लागेना. ज्याची सारी ख्याती संसर्गाबद्दल, तो एकाएकी सोवळ्यात बसला. नकलेची अस्सलाशी ताडून तपासणी झाली, आणि यूएल-१३ व जीसी या दोन जनुकांत अक्षरांची चूक आढळली. हा दोष नकलनविसाचा, असा शेरा मारण्याची घाई मात्र कोणी करू नये. काचपात्रातील पेशींत वाढवलेल्या विषाणूच्या अंगी असे फेरफार मुरतच असतात. चुका दुरुस्त केल्या. पण २००७ साली जो निकाल लागला त्यात एक तिसरेही नाव होते. एका पक्ष्याकडून दुसऱ्या पक्ष्याकडे जाण्यासाठी विषाणूला यूएल-१३ लागते, जीसी लागते, आणि लागते ते यूएस-२. म्हणजे एफ घटकाला बसायला जागा हवी म्हणून निरुपयोगी ठरवून ज्याला पहिल्याच दिवशी घराबाहेर काढले होते, तेच. काचपात्रात त्याला काम नव्हते हे खरे, परंतु कोंबडी काही काचपात्रात राहत नाही, ही गोष्ट ध्यानात येण्यास सात वर्षे लागली. पंचवीस वर्षे कोपऱ्यात बसून असलेल्या एखाद्या वृद्ध कारकुनाला काटकसरीच्या नावाखाली सेवानिवृत्त करावे, आणि त्यानंतर सबंध कचेरीतून एकही लखोटा बाहेर पडेनासा व्हावा, तेव्हा साहेबाच्या मुद्रेवर जो भाव उमटतो तो मी पाहिलेला आहे.

यूएस-२ ची सन्मानपूर्वक पुनर्नियुक्ती झाली. विषाणूच्या नकला आज जीवाणूंच्या पोटी उणे ८० अंशांच्या कपाटांत निर्वेध पडून आहेत, आणि टर्कीच्या विषाणूत राणीखेत व गंबोरो रोगांची जनुके बसवून एकाच टोचणीत दोन-तीन रोगांची सोय करणाऱ्या लशीही बाजारात आल्या आहेत. कोंबडीच्या दृष्टीने मात्र एवढे नमूद करून ठेवले पाहिजे की, मारेकच्या अत्युग्र आणि त्यापुढील बेरजेच्या विषाणूंवर सर्वांत भरवशाची म्हणून जी लस जगभर आजही टोचली जाते, ती कोणत्याही नकलेतून निघालेली नसून १९७२ साली हॉलंडात रिस्पेन्स यांनी पुढे आणलेलीच आहे. पिलांनी तूर्त तिच्यावरच भागवावे.